थंडीत गाडी काढायची, की झाकून ठेवायची?



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, गाडी हा काय बायकांच्या गटाचा विषय आहे का? आमच्या बैठकीतही आधी असंच हसू झालं. पण जिने हा विषय काढला ती हसली नाही. ती म्हणाली, "हप्ता माझ्या शेळ्यांच्या पैशातून जातो. मग गाडी उभी ठेवायची का चालवायची, हे मला कोणी का विचारत नाही?" मग सगळ्या गप्प झाल्या.

ही सखी निफाड तालुक्यातली. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलंय. बाकी गोष्ट तिच्या परवानगीने सांगतोय.

तिच्या धाकट्या पोराने मागच्या वर्षी दसऱ्याला गाडी घेतली. जुनी, पण एका हातची. लाल रंगाची, टर्बो पेट्रोलची, रुंद टायरची, पळायला एकदम जोरदार. बैलजोडीला जपावं तसा तो तिला जपतो. पोळ्याला बैल धुतात तशी दर रविवारी गाडी धुतो. दिवाळी झाली, गारठा पडायला लागला, आणि त्याने गाडी शेडमध्ये नेऊन वरून प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली. म्हणाला, "आई, अशा गाड्या थंडीत काढत नाहीत. परदेशात सगळे झाकून ठेवतात. आता संक्रांतीनंतरच काढू." घरात मोटारसायकल होती, दिवस त्यावर चालत होते.

डिसेंबर संपता संपता मोठ्या सूनबाईला रात्री तीन वाजता कळा सुरू झाल्या, दिलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. पोराने धावत जाऊन ताडपत्री ओढली, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक् टक् टक्. दिवे काजव्यासारखे मिणमिणले आणि विझले. सूनबाई ओट्यावर शाल घेऊन बसलेली, "आत्याबाई, आता कसं?" एवढंच म्हणत होती. शेवटी १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका आली, बाळ दवाखान्यातच झालं, दोघं सुखरूप आहेत. पण ती वाट बघण्याची वेळ आमची सखी अजून विसरलेली नाही. आठ लाखांची गाडी दारात होती आणि उपयोग शून्य.

त्यानंतर घरात भांडण लागलं ते असं. पोरगा म्हणतो, थंडीत गाडी झाकून ठेवली हे बरोबरच, फक्त बॅटरी काढून ठेवायला हवी होती. आई म्हणते, चालवायचीच नाही तर हप्ता कशाचा भरायचा? दोघांनाही आम्ही ऐकून घेतलं. मग दोन गॅरेजवाल्या दादांना विचारलं, पुस्तकं चाळली, आणि जे कळलं ते आज सांगतो. गाडी चारचाकी असो, पिकअप असो, गटाने घेतलेला छोटा टेम्पो असो, यातलं बरंचसं सगळ्यांना लागू पडतं.

आधी पोराच्या बाजूने बोलू. तो खोटं बोलत नव्हता. कॅनडा, अमेरिकेचा उत्तरेकडचा भाग, नॉर्वे, स्वीडन अशा देशांत हौसेची भारी गाडी हिवाळ्यात खरंच झाकून ठेवतात. चार-पाच महिने वापरायला एखादी जुनी, साधी गाडी बाळगतात. हे लाड म्हणून नाही. तिथे रस्त्यावर बर्फ पडतं आणि ते वितळावं म्हणून सरकार रस्त्यावर मीठ टाकतं. आपण खातो तेच मीठ, फक्त जाडंभरडं आणि ट्रकच्या ट्रक. मीठ मिसळलं की पाणी शून्य अंशालाही गोठत नाही, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण तेच खारट पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतं.

मीठ लोखंडाचं काय करतं हे आपल्याला शिकवायची गरज नाही. आपल्या आज्या मीठ पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या नाहीत, चिनी मातीच्या बरणीत ठेवायच्या. लोखंडी तव्यावर ओलं मीठ सांडून रात्रभर राहिलं, तर सकाळी तांबूस डाग पडलेला असतो. गंज लागायला लोखंड, पाणी आणि हवा पुरते. मीठ आलं की तेच काम कितीतरी वेगाने होतं. परदेशातल्या गाडीचा पत्रा असा काही हिवाळ्यांत खालून चाळणी होतो.

दुसरं कारण टायरचं. जोरात पळणाऱ्या गाड्यांचे टायर गरम रस्त्यासाठी बनवलेले असतात. साधारण ७ अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्ता धरत नाही. थंड भाकरी जशी वातड होते तसं. म्हणून तिकडे हिवाळ्याचे वेगळे मऊ टायर मिळतात. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. एवढं करण्यापेक्षा हौसेची गाडी घरात राहिलेली बरी, असं तिकडचे लोक म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

आता आपल्याकडे या. नाशिक जिल्ह्यात थंडी पडते, निफाडात तर राज्यात सगळ्यात कडक पडते म्हणून पेपरात फोटो येतात. २०१८ च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आपण पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू ठेवतो. पण ही थंडी असते किती वेळ? पहाटेचे तीन-चार तास. दहा वाजेपर्यंत अंगणात ऊन येतं, दुपारी अंगात स्वेटर नको होतो. रस्त्यावर बर्फ नाही, मीठ नाही. टायर कडक झालेच तर उन्हं वर येईपर्यंत.

मग गाडीला आपल्या थंडीचा त्रास होतच नाही का? होतो, पण वेगळा.

पेट्रोल आपल्या थंडीत गोठत नाही, त्याची काळजी सोडा. डिझेलचं मात्र थोडं खोबरेल तेलासारखं असतं. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो, तो गारठ्यात दाटतो. यासाठी आपल्या देशात उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या डिझेलची मापं वेगळी ठरवलेली आहेत. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न दाटणारं खास डिझेल आणलं. आपल्याला तसलं काही लागत नाही. पण कुणी एप्रिल-मे महिन्यात ड्रम भरून ठेवला असेल आणि तेच डिझेल जानेवारीच्या पहाटे पिकअपमध्ये ओतत असेल, तर गाडी आचके देते. उन्हं आली की आपोआप सुरळीत होते. गेल्या थंडीत आमच्या एका गटाच्या टेम्पोला तीनदा असं झालं आणि दर वेळी मिस्त्रीला बोलावलं. दोष ड्रमातल्या जुन्या डिझेलचा होता.

इंजिनातलं ऑईलही गारठ्यात जड होतं. तूप गोठल्यावर वाटीतून लवकर ओघळत नाही, तसं ते सगळीकडे पोचायला वेळ लागतो. ऑईलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा, आणि आधीचा आकडा जितका लहान तितकं ते गारठ्यात पातळ राहतं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घालायचं, दुकानदाराकडे स्वस्त आहे ते नाही. सकाळी गाडी चालू केली की अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग हळू निघायचं आणि पहिले तीन-चार किलोमीटर दमाने घ्यायचे. पोरं करतात तसं थंड इंजिनाला उभ्या उभ्या रेस द्यायची नाही. टर्बोच्या गाडीला तर मुळीच नाही, कारण टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या घरात गरगरतो आणि ऑईल पोचायच्या आत त्याला पळवलं तर तो झिजतो. नीट वापरलं तर आपली थंडी या गाडीला काहीच करत नाही, हे दोन्ही मिस्त्रींनी ठामपणे सांगितलं.

खरी गडबड बॅटरीची. आणि इथेच आमच्या सखीच्या घरी घात झाला.

गाडी बंद केली, किल्ली काढली, की आपल्याला वाटतं ती झोपली. नवीन गाड्या झोपत नाहीत. त्यांचं घड्याळ चालू असतं, दाराचं रिमोट ऐकायला एक कान उघडा असतो, चोरीचा अलार्म जागा असतो. हे सगळं मिळून अगदी थेंब थेंब वीज पितं. हिशोब मांडू. अशा गाडीला ४५ अँपिअर-तासाची बॅटरी असते असं धरा, म्हणजे ४५ तांब्यांचा हंडा. थेंबाथेंबाने गळणारी वीज ५० मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला सव्वा तांब्याच्या आसपास पाणी जातं. वीस दिवसांत अर्ध्याहून जास्त हंडा रिकामा. पाच आठवड्यांत तळ. आमच्या सखीची गाडी सात-आठ आठवडे उभी होती. त्यात गारठा. शून्याजवळ गेलं की भरलेल्या बॅटरीचीसुद्धा साधारण पाचवा हिस्सा ताकद कमी होते, आणि नेमकं तेव्हाच जड ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणजे खिशात पैसे कमी आणि त्याच दिवशी बाजार महाग.

म्हणून दिवाळीत चालू झालेली गाडी डिसेंबरात चालू होत नाही. कुणी म्हणेल, बॅटरी खराब निघाली. तशी ती निघालीही असेल, पण उभी ठेवूनही चांगली बॅटरी मरते. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की आत शिशावर पापुद्रा धरतो आणि मग चार्ज करूनही पहिली ताकद येत नाही. या घरात शेवटी नवीन बॅटरी आणावी लागली.

काहीजण यावर तोडगा म्हणून रोज सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवतात. हे दिसायला बरं, पण उपयोगाचं नाही. एकदा सेल्फ मारायला जेवढी वीज जाते तेवढी पाच मिनिटांत नीट भरूनही येत नाही. शिवाय इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे धुरातलं पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि तो आतून गंजतो. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, रस्त्यावर चालवून आणायची. पिंपळगावच्या बाजाराला जायचंच असतं ना? त्या दिवशी न्यावी.

आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती जिवावरची आहे. थंडी आहे म्हणून शेडचं दार लावून आत गाडी चालू ठेवायची नाही. पाच मिनिटंही नाही. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यावर जे होतं तेच हे. शेडला लागून झोपायची खोली असेल तर तर अजून जपायला हवं.

आता त्या मिठाकडे परत येऊ. आपल्या रस्त्यावर मीठ नाही असं म्हटलं खरं. पण थंडीत आपल्या बागांमध्ये काय असतं?

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्ष खुडेपर्यंत औषधं मारणं थांबत नाही. गंधक येतं, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण येतं. बोर्डो आपण प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये कालवतो, लोखंडी पिंपात कधीच नाही. कारण मोरचूद लोखंड खातं. शाळेत बाईंनी मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवून दाखवला असेल, थोड्या वेळाने तो तांब्यासारखा लाल होतो. तेवढं तांबं खिळ्यावर बसलं म्हणजे तेवढं लोखंड विरघळून गेलेलं असतं. आता बांधाला लागून गाडी उभी आहे, ब्लोअर चाललाय आणि वारा तिकडचाच आहे. गाडीवर निळसर-पांढरे ठिपके बसतात. रंग शाबूत असेल तोवर वरचा पत्रा वाचतो. पण जिथे दगड लागून टवका उडालाय, दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या आत, तिथे ते काम सुरू करतं.

खताचंही तसंच. लाल पोटॅश, ज्याला दुकानदार म्युरेट ऑफ पोटॅश म्हणतो, ते मिठाचंच भावंड आहे. मिठाचा जो भाग लोखंडाला खातो तोच भाग त्यातही आहे. मोटारीच्या डिक्कीत फुटक्या गोणीतून मूठभर पोटॅश सांडलं आणि गालिच्याखाली गेलं, तर पहाटेच्या दवाने ते ओलं होतं आणि खाली पत्र्याला भोक पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. कॅनडातला माणूस गाडी मिठापासून वाचवायला घरात ठेवतो, आणि आपण तीच गाडी बागेच्या कडेला ताडपत्रीखाली उभी करून सुरक्षित समजतो. आम्हाला ही गोष्ट कळली तेव्हा खरंच कपाळावर हात मारावासा वाटला.

यावर उपाय महाग नाही. गाडी बागेपासून लांब लावा. औषध उडालंच तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा, खालच्या बाजूने आणि चाकांच्या आतूनही. फडक्याने कोरडं पुसू नका, रंगावर ओरखडे उठतात. खताची गोणी न्यायची असेल तर पिकअपमध्ये न्या, आणि परत आल्यावर हौदा धुवा.

ताडपत्रीचंही सांगायला हवं. प्लॅस्टिकची ताडपत्री पाऊस अडवते, पण जमिनीची ओलही आत कोंडते. पहाटे तिच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि ते पाणी दिवसभर पत्र्यावर राहतं. कांदा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर काय होतं, आपल्याला माहीत आहे. म्हणून तर चाळीला फटी ठेवतो. गाडीलाही हवा खेळणारं कापडी कव्हर हवं, नाहीतर नुसतं छप्पर.

उभ्या गाडीचा आणखी एक शत्रू म्हणजे उंदीर. थंडीत त्याला ऊबदार, अंधारी, कुणी न हलवणारी जागा हवी असते, आणि बॉनेटखाली ती आयती मिळते. शेडमध्ये शेजारी मक्याची, बाजरीची पोती असली की विचारायलाच नको. तो वायरी कुरतडतो आणि नवीन गाडीतली एक वायर शोधायला मिस्त्रीचे दोन दिवस जातात. आमच्या सखीच्या गाडीतही एअर फिल्टरच्या डब्यात पोत्याच्या सुतळीचं घरटं सापडलं. वायरी वाचल्या, नशीब. लोक डांबरगोळ्या टाकतात, तंबाखू टाकतात. खरा उपाय म्हणजे धान्य तिथून हलवणं आणि दर दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून बघणं. चालत्या गाडीत उंदीर घर करत नाही. आणि सकाळी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, उबेला मांजर बसलेलं असतं.

टायरमधली हवाही थंडीत उतरते. गेली नसते, आकसते. साधारण सहा अंशांच्या फरकाला एक पौंड. आपल्याकडे पहाट आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे तीन पौंड इकडेतिकडे. म्हणून हवा सकाळी, गाडी फार पळालेली नसताना तपासायची. किती हवी ते चालकाच्या दाराच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं.

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे तुमचं म्हणणं गाडी थंडीत बिनधास्त चालवा. गाडीच्या बाजूने विचाराल तर हो. माणसांच्या बाजूने विचाराल तर एक अट आहे, आणि ती अट वेळेची.

थंडीत पहाटे गोदाकाठाला, कादवेच्या बाजूला, दारणेच्या बाजूला दाट धुई पडते. त्यात बागांमधल्या शेकोट्यांचा धूर मिसळतो. त्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, काहींना मागे दिवा नाही, काहींना चमकणारी पट्टीही नाही. कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीत नंबर लागावा म्हणून अंधारातच निघतात. आणि या सगळ्यात एक जोरात पळणारी गाडी, तिच्यात पंचविशीतलं पोरगं.

ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. पुढे काही दिसलं की डोक्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद तरी जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३३ मीटर संपले. धुईत दिसतंच ३० मीटर, तर मग इंजिन किती ताकदीचं आणि ब्रेक किती भारी, याला काही अर्थ उरत नाही. १३ जानेवारी २०२३ ला सकाळीच सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पाथरेजवळ साईभक्तांची बस आणि ट्रक यांची टक्कर झाली आणि दहा जण गेले. त्यांत बायका आणि लेकरंही होती. त्या अपघाताचं कारण धुई होतं असं आम्ही म्हणत नाही. पण थंडीतली सकाळ म्हटली की आम्हाला ती बस आठवते.

धुईत निघावंच लागलं तर दिवे खालचे ठेवायचे. वरचे लावले तर उजेड धुईवर आपटून आपल्याच डोळ्यात येतो, पांढरी भिंत उभी राहते. चारी बाजूंचे लुकलुकणारे दिवे चालत्या गाडीला लावायचे नाहीत. मागच्याला कळत नाही आपण वळतोय का थांबलोय. ते फक्त बंद पडलेल्या गाडीसाठी. काच आतून धुरकट झाली तर हात फिरवू नका, पंखा काचेवर सोडा आणि एसी लावा. थंडीत एसी म्हटलं की सगळे हसतात, पण एसी हवेतली ओल ओढून घेतो आणि काच पटकन साफ होते. गटाच्या टेम्पोवर मागे लाल, पुढे पांढरी चमकणारी पट्टी चिकटवलेली आहे का, हे उद्याच बघा.

आता पैशाचं. आठ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला १३ हजारांच्या आसपास येतो. गाडी थंडीचे तीन महिने झाकून ठेवली तरी ३९ हजार गेलेच. विम्याचे दिवसही उभ्या गाडीचे तसेच संपतात, गाडीची किंमतही तिच्या वयाप्रमाणे उतरत राहते. झाकून ठेवल्याने वाचतं ते पेट्रोल आणि टायरची झीज. समोर मांडलं की हिशोब काही जुळत नाही. आमच्या सखीने हा हिशोब वहीच्या पानावर पोरासमोर ठेवला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. त्याला आईला दुखवायचं नव्हतं. त्याने हप्ता आणि ताडपत्री या दोन गोष्टी कधी एकत्र धरल्याच नव्हत्या.

तरी कुणाला गाडी उभी ठेवावीच लागते. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात, कुणाचा मुलगा सैन्यात असतो, सुट्टीलाच येतो. तेव्हा जाण्याआधी गाडी धुऊन पूर्ण वाळवा, टाकी भरून ठेवा म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही, हवा दोन-तीन पौंड जास्त भरा. बॅटरीची वजा खुणेची वायर काढून ठेवा. काढताना वजा आधी काढायची, लावताना वजा शेवटी. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओल धरून तो चिकटतो. गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावा. एवढ्यावर दोन महिने निभतात. आणि तशी झाकायचीच हौस असेल तर पावसाळ्यात झाका, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबककडच्या सख्यांनो. तिकडच्या पावसाच्या आणि चिखलाच्या मानाने गाडीला थंडी म्हणजे सुट्टीच आहे.

सखीच्या घरी शेवटी काय ठरलं ते सांगतो. थंडीत गाडी चालणार, पण सकाळी उन्हं वर आल्यावर निघणार, रात्री आठच्या आत घरी. आजारपणाला वेळेचं बंधन नाही. धुई असेल आणि रात्र-पहाट असेल तर आधी १०८, गरोदर बाईसाठी १०२, आणि रुग्णवाहिका यायला उशीर होणार असं कळलं तरच आपली गाडी, तीही ४० च्या वर नाही. किल्ली पोराच्या खिशात राहणार नाही, देवघराजवळच्या खिळ्याला राहील. शेडमधली मक्याची पोती हलली. ताडपत्री आता चाऱ्याच्या गंजीवर आहे. पोराने एकच गोष्ट मान्य केली नाही. गाडीत खताची गोणी ठेवायची नाही म्हणजे नाही. त्याबाबत आमचंही मत त्याच्याच बाजूने पडलं.

मोठी सूनबाई बाळंतपणातून उठली आणि तिने शिकाऊ लायसनचा फॉर्म भरला. लायसन आलंय. गाडीला पुढे-मागे लाल एल चिकटवून, शेजारी पक्कं लायसन असलेला दीर बसवून, ती दर बुधवारी साडेदहाला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर जाते. पहिल्या दिवशी गाडी चार वेळा बंद पडली. दीर म्हणाला, "वहिनी, क्लच हळू सोडा ना." ती म्हणाली, "भाऊजी, त्या रात्री तुमच्याकडूनही ती चालू झाली नव्हती."